तक्रार करणारा भाडेकरू

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘कविता लिहिता आणि घरं भाड्यानं देता? जमतं कसं हे दोन्ही?’ हा प्रश्न मला कविसंमेलनातही विचारतात आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीतही. संमेलनात विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी कीव असते, कचेरीत थोडी शंका. मी दोन्हीकडे एकच उत्तर देतो. आजवर कवितेचं जेवढं मानधन मिळालं, ते सगळं एकत्र केलं तर एका न्हाणीघराच्या फरशा येतील. बसवायची मजुरी पदरची.

मी मिरजेत राहतो. मराठी घेऊन बी. ए. झालो आणि एका खासगी दुकानात हिशेब लिहायला लागलो. २००८ साली वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचे थोडे पैसे हातात आले. त्यांतून एक जुनी सदनिका घेतली. आज अशी चार घरं आहेत. मिरज हे दवाखान्यांचं गाव. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लहानमोठी रुग्णालयं आहेत. शिकणारी मुलं, परिचारिका, प्रयोगशाळेत काम करणारी माणसं बाहेरगावाहून येतात आणि त्यांना घर लागतं. माझा धंदा एवढाच, की जुनं, कोणी हात लावत नाही असं घर घ्यायचं, दुरुस्त करायचं आणि भाड्यानं द्यायचं. तो मला कसा कळत गेला ते आज सांगायचं आहे. पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करावी लागेल.

ती पहिली सदनिका तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. पंचवीसेक वर्षांची इमारत. भिंतींना पोपडे आलेले, न्हाणीघरात काळी बुरशी, खिडक्यांची तावदानं फुटलेली. कागदपत्रांच्या खर्चासह ती मला ६ लाख ४० हजारांना पडली. दुरुस्तीला आणखी ९० हजार काढून ठेवले. ते कशावर खर्च केले? पांढऱ्या चकचकीत फरशा, ओट्यावर काळा ग्रॅनाइट, हॉलला फिकट गुलाबी रंग. मी त्या गुलाबी रंगावर भलताच खूश होतो.

न्हाणीघराला वरच्या बाजूला काचेच्या पट्ट्यांचा एक झरोका होता. त्यातून कबुतरं यायची, धूळ यायची आणि शेजारच्या डक्टमधला वास यायचा. गवंडी म्हणाला, “भाई, हा बंद करून टाकू का? फरशी सलग दिसेल.” मी म्हटलं, “टाक.” अर्ध्या तासाचं काम. मग त्याच न्हाणीघरात, दाराच्या वर, गॅसचा गीझर बसवून घेतला. विजेचं बिल वाचतं म्हणून भाडेकरूंना तो आवडतो.

घर एका परिचारिकेनं घेतलं. नवरा फिरतीवर, मुलगी सातवीत. दोन वर्षं भाडं ठरल्या तारखेला यायचं. एकही तक्रार नाही. मी चार लोकांत सांगायचो, भाडेकरू असावा तर असा.

२०११ च्या जानेवारीतली सकाळ. मुलगी आंघोळीला गेली आणि बाहेर येईना. सुदैवानं आई रात्रपाळी करून नुकतीच घरी आली होती. तिनं हाक मारली, उत्तर नाही. धक्के मारून कडी तोडली. मुलगी खाली पडलेली. आई स्वतः दवाखान्यातली, तिला काय झालं ते क्षणात कळलं. तिनं मुलीला फरफटत गॅलरीत आणलं, मोकळ्या हवेत. मग रिक्षा, दवाखाना, प्राणवायू. मुलगी वाचली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकताना कुणाचा जीव टांगणीला लागू नये.

काय झालं होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण असे गीझर आजही हजारो घरांत आहेत. गॅस जळायला प्राणवायू लागतो. खोली लहान, दार बंद, झरोका नाही. अशा वेळी ज्योत खोलीतलाच प्राणवायू संपवत जाते. मग गॅस पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, म्हणून गळती कळते. या वायूला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत तो चुरचुरत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं. म्हणजे माणूस श्वास घेत असतो, पण रक्त प्राणवायू वाहून नेत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं. कडीपर्यंत हात पोचायच्या आत शुद्ध हरपते.

मी दवाखान्यात गेलो. काय बोलावं सुचेना. म्हटलं, “सिस्टर, झरोका मीच बंद केला होता.” त्या म्हणाल्या, “माहीत आहे, भाई. न्हाणीघरात कोंडल्यासारखं होतं, वाफ जात नाही, आंघोळीनंतर डोकं जड होतं. झरोका उघडून द्या म्हणून दोन महिने सांगायचं मनात होतं. पण म्हटलं, तुम्ही म्हणाल, पटत नसेल तर दुसरं घर बघा.”

मी असं कधी म्हणालो नव्हतो. पण म्हणणार नाही, असंही कधी सांगितलं नव्हतं. या बाईंना माझ्या आधी चार घरमालकांनी नकार दिला होता. रात्रपाळी करणारी बाई, नवरा सारखा बाहेर, नको ती भानगड, हे कारण. पाचवं घर माझं. ते सुटू नये म्हणून त्या गप्प होत्या. ज्याला मी चांगला भाडेकरू म्हणत होतो तो खरं तर घाबरलेला भाडेकरू होता.

ही भीती मला अनोळखी नव्हती. लग्नानंतर काही वर्षं मी पुण्यात नोकरीला होतो. घर बघायला जायचो. जागा पसंत, भाडं ठरलेलं, चहासुद्धा व्हायचा. मग मालक नाव विचारायचे. नाव ऐकलं की त्यांना आठवायचं, की जागा कालच कुणा नातेवाइकाला कबूल केली आहे. असं किती वेळा झालं ते मोजायचं मी पुढं सोडून दिलं. अखेर एक खोली मिळाली. तिचं छत पावसाळ्यात गळायचं. दोन पावसाळे आम्ही पातेली मांडून काढले, पण मालकांना एका शब्दानं सांगितलं नाही. बायको म्हणायची, “सांगा ना.” मी म्हणायचो, “राहू दे.” तोच मी, स्वतः मालक झाल्यावर, समोरच्याचं गप्प राहणं हे समाधान समजून बसलो होतो.

त्या दिवसानंतर माझ्या कामाचा क्रम बदलला. आधी हवा, मग पाणी, मग वीज आणि सगळ्यांत शेवटी रंग.

हवेचं काम बहुधा स्वस्तातलं असतं आणि तेच आपण टाळतो. न्हाणीघराचा झरोका कायम उघडा राहील असा ठेवायचा. कबुतरं नकोत तर जाळी लावा. गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवायचा आणि नळानं पाणी आत आणायचं. धुराड्याची नळी थेट उघड्यावर काढायची, बंद डक्टमध्ये नाही. गीझरची ज्योत निळीऐवजी पिवळी दिसू लागली तर तो वापरायचा थांबवून माणूस बोलवायचा. एवढं जमत नसेल तर विजेचा गीझर बरा.

हवा भिंतींनाही लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगली-मिरजेच्या सखल भागांतली घरं कित्येक दिवस पाण्यात होती. पुढच्या वर्षी मी असं एक जुनं घर घेतलं. दगड-मातीच्या भिंती. आधीच्या मालकांनी पूर ओसरताच घाईनं सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट मारला होता. वरून कोरडं आणि आत ओल. पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून ते क्षार घेऊन रंग फोडत बाहेर येत होतं. आम्ही कमरेच्या वरपर्यंत गिलावा खरवडला, भिंती तशाच उघड्या टाकल्या आणि एक उन्हाळा थांबलो. मग चुन्याचा गिलावा केला. तेवढे महिने भाडं बुडालं, पण भिंत वाचली. आणि हे घर पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवतो. ते ऐकून काहीजण परत जातात. जाऊ देत.

दुसरं पाणी. जुन्या घराचा निम्मा आजार पाण्याचा असतो. न्हाणीघरात नवी फरशी बसवली म्हणजे गळती थांबते, असा समज आहे. फरशीच्या सांध्यांतून पाणी झिरपतंच. ते अडवायचं काम फरशीखालचा थर करतो. म्हणून जुनी फरशी काढल्यावर खालचा कोबा नीट करायचा, जाळीशी आणि नळांच्या भोकांशी वॉटरप्रूफिंग काळजीनं करून घ्यायचं. मग जाळी बुजवून बोटभर पाणी भरायचं आणि दोन दिवस ठेवायचं. त्या दोन दिवसांत खालच्या मजल्यावर जाऊन छत बघून यायचं. गवंडी कुरकुरतो, पण ओल दिसली नाही तरच फरशी बसवायची. भिंतीतले जुने लोखंडी नळही त्याच वेळी बदलून टाकावेत. नव्या फरशीमागे गंजका नळ ठेवणं म्हणजे चार वर्षांनी तीच फरशी फोडण्याची तयारी.

पाणी मुरत राहिलं तर गोष्ट न्हाणीघरापुरती राहत नाही. स्लॅबमधली सळी गंजते. गंजलेलं लोखंड फुगतं आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतं. छताची खपली पडली की आपण सिमेंट थापून रंग देतो, पण सळी आत गंजतच असते. शिवाय आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर भिंतीला तिरक्या चिरा जातात. अशी चीर लांबीनं बुजवण्याआधी ती वाढते आहे का ते पाहावं. मी चिरेच्या टोकाला पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहून ठेवतो. आणि हॉल मोठा करायचा म्हणून भिंत पाडण्याआधी अभियंत्याला विचारावं. जुन्या बांधकामात भिंतच छताचा भार पेलत असते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची ५ वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची ३ वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी व्हायला हवी. घर घेताना मी आधी हा अहवाल मागतो. बहुतेक ठिकाणी तो नसतो, तेव्हा अभियंत्याची फी मी स्वतः भरतो.

तिसरी वीज. जुन्या घरात दोन दिवे आणि एक पंखा धरून तारा ओढलेल्या असतात. आज त्यांवर फ्रिज, गीझर, इस्त्री, धुण्याचं यंत्र चालतं. तारा नव्या हव्यात, अर्थिंग खरोखरचं हवं. आणि एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तारांवर भार वाढला की आपोआप पडणारा एमसीबी तारांना वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. विजेची थोडीशी गळती झाली, म्हणजे कुणाच्या अंगातून ती जमिनीत जाऊ लागली, की तो निमिषात वीज तोडतो. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा घ्यावा. हॉलच्या गुलाबी रंगाला मी जेवढे मोजले होते त्यापेक्षा पुष्कळ कमी पैशांत तो येतो.

आता कागद. ११ महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदलेलाच हवा. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला आणि पुढं वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आता ही नोंदणी घरबसल्या संगणकावरूनही होते.

या कायद्यामागे मोठा इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी जवळजवळ गोठवली होती. युद्धानंतरच्या टंचाईत गरिबाचं छप्पर टिकावं हा त्यामागचा हेतू. तो चांगला होता, पण भाडी दशकानुदशकं तिथंच राहिली. महिना १०-१५ रुपये देणारा भाडेकरू आणि कौल बदलायलाही पैसे नसलेला मालक, दोघं एकाच वाड्यात एकमेकांवर रुसून म्हातारे झाले आणि वाडा दोघांच्या अंगावर आला. असे वाडे मिरजेत मी लहानपणापासून पाहिले. भाडं आणि दुरुस्ती यांची फारकत झाली की घर मरतं, हे मी तिथं शिकलो.

म्हणूनच हिशेब सांगतो. पहिल्या घरात माझे ७ लाख ३० हजार गुंतले. भाडं महिना २,८००. वर्षात एक महिना घर रिकामं धरलं तर ३०,८०० मिळतात. घरपट्टी, सोसायटीचा खर्च आणि किरकोळ दुरुस्ती मिळून ८ हजार वजा केले की उरतात २२,८००. म्हणजे गुंतवणुकीवर जेमतेम ३ टक्के. त्या काळी बँकेच्या ठेवीवर याहून कितीतरी जास्त व्याज मिळत होतं. या धंद्यात झटपट पैसा आहे असं कुणी सांगितलं तर त्याला दुरुस्तीचा खर्च विचारा. घराची किंमत वाढते, भाडंही हळूहळू वाढतं, पण ते घर टिकलं तर. प्राप्तिकराचा कायदासुद्धा भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के वजावट देतो. अनेक मालक ही वजावट घेतात आणि दुरुस्तीला दमडी काढत नाहीत. मी वर्षातल्या एका महिन्याचं भाडं वेगळ्या खात्यात टाकतो आणि ते आपलं नाहीच असं समजतो.

आणि आता माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं काम. भाडेकरूला बोलतं करणं. किल्ली देताना मी एक वही देतो. पहिल्या पानावर लिहिलेलं असतं, की तक्रार केली म्हणून भाडं वाढणार नाही आणि घर सोडायला सांगितलं जाणार नाही. हेच वाक्य मी करारातही घालतो, कारण तोंडी शब्दावर भीती जात नाही. तीन महिन्यांतून एकदा, आधी फोन करून आणि त्यांच्या सोयीनं, मी घर बघायला जातो. ‘सगळं ठीक ना?’ असं विचारत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असंच येतं. मी विचारतो, “सध्या कुठला नळ त्रास देतोय? कुठल्या भिंतीला वास येतोय? आंघोळीनंतर डोकं दुखतं का?”

यात उपकार नाहीत, हिशेबही आहे. टपकणारा नळ आज कळला तर वायसरचे दहा-वीस रुपये. तोच दोन वर्षांनी कळला तर खालच्या मजल्याचं छत आणि शेजाऱ्याशी भांडण. घरात रोज राहणारा माणूस जे पाहतो ते मालकाला वर्षातून चार खेपा घालून दिसणार नाही. भाडेकरूची तक्रार म्हणजे घराची फुकट मिळणारी तपासणी आहे, आणि आपण ती धाक घालून बंद करतो.

भाडेकरू निवडताना मीही चौकशी करतो. नोकरी कुठं, माणसं किती, आधीच्या घरातून का निघालात, ओळखपत्र आहे का. पोलीस ठाण्याला माहिती देतो. नाव विचारतो ते करारात लिहायला. पुण्यात ज्या ठिकाणी चहा व्हायचा आणि मग नाव विचारलं जायचं, तिथं मी नाव आधी विचारतो आणि चहा नंतर करतो. मग काही मोडायची भीती उरत नाही.

त्या सिस्टर पुढं आणखी सहा वर्षं त्याच घरात राहिल्या. झरोका मी आठवड्याच्या आत फोडून घेतला. सलग दिसणारी पांढरी फरशी मधेच तुटली. तशा फरशा पुन्हा मिळाल्या नाहीत, म्हणून तिथं आजही निळ्या फरशीची एक ओबडधोबड चौकट आहे. घर बघायला येणारे विचारतात, हे असं का? मी सांगतो.

परवा रात्री साडेदहाला त्याच घरातून फोन आला. आता तिथं वैद्यकीय महाविद्यालयातली दोन मुलं राहतात. म्हणाली, “काका, उशीर झाला, पण स्वयंपाकघरातला नळ टपकतोय.” बायको म्हणाली, “सकाळी नसतं सांगता आलं?” सांगता आलं असतं. पण त्यांना रात्री साडेदहालासुद्धा सांगावंसं वाटलं, याचं मला बरं वाटलं. सकाळी नळवाल्याला घेऊन गेलो.